मोजणारं बोट कुणाकडे?

(अंबरनाथ इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लकब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



टेबलावर दोन काडेपेट्या आणि एक पुठ्ठा ठेवलाय. मागच्या रांगांतून दिसणार नाही, पण व्याख्यान संपलं की जवळ येऊन बघा. काडेपेटीच का आणली, हे अंबरनाथच्या माणसाला वेगळं सांगायला नको. विम्कोचा कारखाना इथला. स्वीडिश भांडवलावर उभा राहिलेला, आणि आता बऱ्याच जणांसाठी फक्त नाक्याच्या नावात उरलेला.

मी काय केलं ते आधी सांगतो. एक महिना बदलापूर ते मुंबई असं जाता-येता मी दोन्ही खिशांत एकेक काडेपेटी ठेवली. आधीच सांगतो, काड्यांची गुलं मोडून टाकली होती. रेल्वेत आग लागण्यासारखं काही नको. गाडीत मोबाइल बाहेर काढला की डाव्या पेटीतली एक काडी उजव्या पेटीत टाकायची. रात्री घरी आलो की उजव्या पेटीतल्या काड्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवायच्या. एका दिवसाची एक ओळ. तिसऱ्या दिवशी शेजारच्याने विचारलं, "काय, सिगरेट सोडताय का?" (हशा)

आता तुम्ही म्हणाल, हा उद्योग कशाला? फोन हे सगळं स्वतःच मोजतो. किती वेळा उचलला, कोणत्या अॅपवर किती मिनिटं घालवली, सगळं आलेखासकट दाखवतो. बरोबर आहे. पण आलेख बघून मला काहीच होत नव्हतं. अंगठ्याने वर सरकवायचा की गेला. मला तो हातात घेऊन बघायचा होता. आणि ज्या कलाप्रकाराबद्दल मी आज बोलणार आहे, त्याच्यावर टीका करण्याआधी स्वतः एकदा करून बघावं, असं वाटलं. पुठ्ठ्यावर काय दिसलं, ते थोडं पुढे सांगतो.

या प्रकाराला इंग्रजी नाव आहे 'डेटा फिजिकलायझेशन'. आपण 'मूर्त डेटा' म्हणू. आकडे पडद्यावर किंवा कागदावर न दाखवता वस्तूत दाखवायचे. लाकूड, दोरा, माती, काच, लोकर, काहीही. इव्हॉन यान्सेन, पिएर ड्रागिचेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एका शोधनिबंधात या क्षेत्राची नीट मांडणी केली. या दोघांनी जगभरच्या अशा वस्तूंची एक यादीही जमवली आहे. तिची सुरुवात मेसोपोटेमियातल्या मातीच्या टोकनांपासून होते. म्हणजे कल्पना जुनी आहे. नवीन आहे तो त्यात भरला जाणारा माल. आता आपलं ऑनलाइन वागणं वस्तूत उतरवतात. किती मेसेज पाठवले, किती वेळ स्क्रोल केलं, कुणाला किती लाइक दिले. कुणी त्याचं विणकाम करतं, कुणी त्यावरून दिवा लावतं, कुणी थ्रीडी प्रिंटरवर त्याचा डोंगर काढतं.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद घालायला सोपं जाईल. अशी वस्तू समोर आली की आपण विचारतो, सुंदर आहे का? अचूक आहे का? माझा प्रश्न वेगळा आहे. मोजणारं बोट कुणाकडे वळलंय? स्वतःकडे, बघणाऱ्याकडे, की ज्याच्यामुळे हे आकडे असे आहेत त्याच्याकडे? आणि माझी तक्रार अशी की या प्रकारातल्या बहुतेक वस्तूंचं बोट सवयीने स्वतःकडेच वळतं.

सुरुवात एका दोरीपासून करू. १९९५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात नताली जेरेमिजेंको या कलावतीने छताला एक छोटी मोटर लावली आणि तिला आठेक फूट लांबीची प्लास्टिकची दोरी टांगली. मोटर जोडली थेट कार्यालयातल्या नेटवर्कच्या तारेला. तारेतून माहिती गेली की दोरी जराशी हले. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरगर फिरायला लागे आणि तिचा आवाजही येई. शांत वेळी अधूनमधून एखादा झटका. झालं. ना आकडा, ना आलेख. पण त्या मजल्यावरच्या माणसाला मान वर न करताही कळे की आज काम जोरात चाललंय. या दोरीत मला आवडते ती एक गोष्ट. ती कुणाचा निवाडा करत नाही. कोण काम करतंय, कोण टंगळमंगळ करतंय, हे ती सांगत नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी आलेलं 'डिअर डेटा' हे या प्रकारातलं सगळ्यांत लाडकं काम. जॉर्जिया लुपी न्यूयॉर्कला, स्टेफनी पोसावेक लंडनला. दोघी डिझायनर, आणि एकमेकींची जेमतेम ओळख. २०१४ च्या सप्टेंबरपासून वर्षभर, बावन्न आठवडे, दर आठवड्याला एक विषय ठरवून दोघींनी आपापल्या आयुष्यातलं काहीतरी मोजलं. आरशात किती वेळा पाहिलं, किती तक्रारी केल्या, फोनला किती चिकटून राहिले. मग ते पोस्टकार्डावर हाताने रेखाटलं, मागे ते वाचायची किल्ली लिहिली आणि कार्ड पोस्टात टाकलं. २०१६ मध्ये ही कार्डं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयाने घेतली.

हे काम चांगलं का आहे? पोस्टकार्ड लहान असतं म्हणून. त्यात सगळं मावत नाही, म्हणून निवडावं लागतं. ते हाताने काढायचं, म्हणजे आपण केलेली प्रत्येक तक्रार पुन्हा एकदा पेनाच्या टोकाखालून जाते. आणि ते एका ठरावीक माणसासाठी असतं. लंडनच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या बाईंना कळवलेलं. जगाला नव्हे. आपल्याकडे पत्रात 'इकडील सर्व क्षेम' लिहायचे. इथे ते क्षेम जरा मोजून लिहिलंय, इतकंच.

पण या कामाच्या मागून जे पीक आलं, त्याच्याबद्दल मला बोलायचंय. मोजायचं, रंगवायचं, मांडायचं, ही पद्धत सोपी होती, म्हणून ती पसरली. शाळा-कॉलेजांतून कार्यशाळा व्हायला लागल्या. आणि विषय जवळजवळ ठरूनच गेला: माझा स्क्रीनटाइम. किती तास वाया घालवले, ते मण्यांत, दोऱ्यांत, फुग्यांत. बघणाऱ्याने ओशाळून हसायचं आणि म्हणायचं, बाप रे, माझंही असंच आहे. ही कला आहे का? मला तर हा कबुलीजबाब वाटतो, आणि तोही आधीच लिहून दिलेला.

आता माझ्या पुठ्ठ्याकडे येतो. महिनाअखेर ओळी मांडल्या तर एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. सोमवारच्या ओळी सगळ्यांत आखूड. एका सोमवारी जाता-येता मिळून फक्त चार काड्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या गाडीने आलो तेव्हा मात्र पंचवीसच्या वर. मी खूश. म्हटलं, आठवड्याच्या सुरुवातीला आपण किती संयमी असतो बघा. नवा आठवडा, नवा निर्धार. व्याख्यानाचा शेवटही मनात तयार झाला होता. (हशा)

बायकोने पुठ्ठा बघितला. तीही याच मार्गावर रोज जाते, बायकांच्या डब्यातून. म्हणाली, "सोमवारी हात खिशापर्यंत जातो का तुझा?"

संपलं. एका वाक्यात माझा संयम गेला. सोमवारी सकाळी बदलापूरहून निघालेल्या गाडीत अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण असं करत माणसं चढत जातात आणि एक हात वर कडीला अडकला की तो ठाण्यापर्यंत तिथेच राहतो. मी जे संयम म्हणून चिकटवत होतो ती गर्दी होती. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरवर राहणारा माणूस रोज किती घट्ट कोंबला जातो, त्याचा तो आलेख होता. फक्त मी तो उलटा वाचला. का उलटा वाचला? कारण या कलाप्रकाराने मला शिकवलं होतं की फोनचा आकडा हा माझ्या चारित्र्याचा आकडा असतो. तो कमी झाला तर मी सुधारलो.

इथे मला या प्रकारातला मूळ दोष दिसतो. वस्तू हातात आली की ती खरी वाटते. पडद्यावरच्या आलेखावर आपण थोडा तरी संशय घेतो, पण पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या काडीवर कोण संशय घेणार? ती तर मी स्वतः चिकटवली! वस्तूचा घट्टपणा आकड्याला उसना मिळतो. आणि आकडा नेमका कशाचा आहे, हा प्रश्न गळून पडतो.

मग बोट बाहेर वळवता येतं का? येतं. जर्मनीतल्या म्युनिकजवळच्या एका बाईंचं उदाहरण घ्या. नाव घेत नाही, त्या काही कलावंत म्हणून पुढे आलेल्या नव्हत्या. त्या तुमच्या-माझ्यासारख्या रोज गाडीने कामाला जाणाऱ्या. २०१८ साली त्यांनी रोज घरी आल्यावर एका मफलरच्या दोन ओळी विणल्या. गाडीला पाच मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर राखाडी लोकर. पाच ते तीस मिनिटं तर गुलाबी. त्याहून जास्त, किंवा जाताना-येताना दोन्ही वेळा उशीर, तर लाल. उन्हाळ्यात रुळांचं काम निघालं तेव्हा मफलर लालेलाल झाला. वर्ष संपल्यावर त्यांच्या पत्रकार मुलीने त्याचा फोटो ट्विटरवर टाकला आणि तो सगळीकडे पोचला. जानेवारी २०१९ मध्ये ऑनलाइन लिलावात मफलर ७,५५० युरोंना गेला आणि ते पैसे स्टेशनांवर गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेला दिले.

इथे मोजमाप ऑनलाइन नव्हतं, हे कबूल. वस्तू आधी झाली आणि ऑनलाइन नंतर गेली. तरीही मी ती इथे ठेवतो, कारण माझ्या काड्यांची आणि त्या लोकरीची मोजपट्टी एकच आहे: रोजचा रेल्वेप्रवास. त्यांनी फक्त बोट दुसरीकडे वळवलं. 'मी गाडीत किती वेळ वाया घालवला' असा मफलर त्यांनी विणला असता तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता. त्यांनी विणला 'माझा किती वेळ घेतला गेला'. आपल्याकडे कल्याणच्या पुढे अजून दोनच मार्ग, लोकलही त्यावर आणि मेल-एक्स्प्रेसही त्यावर. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चाललंय, ते होईल तेव्हा होईल. आपण असा मफलर विणला तर लाल लोकर घाऊक बाजारातून आणावी लागेल. (हशा)

थेट ऑनलाइन आयुष्याचं उदाहरण हवं असेल तर दोन ढिगारे शेजारी ठेवतो. दोन्ही २०११ सालचे. पहिला अॅमस्टरडॅमच्या फोम या छायाचित्र संग्रहालयातला. एरिक केसल्स या कलावंताने फ्लिकरवर चोवीस तासांत चढवलेल्या फोटोंचे लाखो प्रिंट काढले आणि दालनात भिंतीपर्यंत त्यांचे डोंगर रचले. लोक त्यावरून चालायचे. दुसरा ढिगारा मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा. त्याने फेसबुकला विचारलं, माझ्याबद्दलची जी माहिती तुमच्याकडे आहे ती द्या. उत्तरादाखल सीडी आली. तिच्यात १,२२२ पानं. त्यात त्याने स्वतः पुसून टाकलेल्या गोष्टीही होत्या. ती पानं छापून काढली तर जाड गठ्ठा झाला.

पहिला ढिगारा बघून माणूस 'अबब' म्हणतो आणि पुढच्या दालनात जातो. दुसरा बघून विचारतो, पुसलेलं कसं काय शिल्लक राहिलं? दोन्हींचा माल तोच, कागदावर छापलेलं ऑनलाइन आयुष्य. पण केसल्सच्या डोंगरात कुणीच नाही. हजारो लोकांची बाळं, लग्नं, सहली आहेत, पण त्यांतल्या एकालाही तिथे बोलता येत नाही. श्रेम्सच्या गठ्ठ्यात एकच माणूस आहे आणि तो प्रश्न विचारतोय. पुढे त्याच्याच तक्रारीवरून २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने युरोप-अमेरिकेतली 'सेफ हार्बर' ही माहिती पाठवण्याची व्यवस्था रद्द ठरवली. पहिल्याला आपण कलाकृती म्हणतो, दुसऱ्याला पुरावा. समीक्षक म्हणून मला विचाराल तर दुसरा जास्त चांगला 'मूर्त डेटा' आहे. तिथे आकाराला कारण आहे. गठ्ठा जाड आहे कारण कंपनीने तेवढं जपून ठेवलं होतं.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात आपल्या माहितीबद्दल विचारण्याचा हक्क दिला आहे, पण तिथे शब्द आहे 'समरी'. म्हणजे गोषवारा. सारांशाचा गठ्ठा होत नाही. तो एका कागदावर मावतो, आणि पडद्यावर तर सहजच मावतो. कलेचं व्याख्यान चाललंय आणि हा कायदा कुठून आला, असं वाटेल. पण आपल्या हातात काय येणार, किती जाड येणार, हे ठरवणारा तिथे बसलाय, म्हणून सांगितलं.

आता आपल्या रस्त्यांवर येऊ, कारण हा प्रकार फक्त अॅमस्टरडॅमला होतो असं कुणी समजू नये. उल्हासनगरच्या कुठल्याही बाजारातून दहा मिनिटं चाला. काय ऐकू येतं? अमुक रुपये प्राप्त झाले. तमुक रुपये प्राप्त झाले. यूपीआय २०१६ ला आलं आणि २०१९ पासून हे बोलके डबे दुकानांत बसायला लागले. जेरेमिजेंकोच्या दोरीचं हे धाकटं भावंड. तारेतून काहीतरी गेलं, ते खोलीत जाणवलं पाहिजे, हीच कल्पना. आणि डिझाइन म्हणून मी त्याला पूर्ण गुण देतो. वडापाववाल्याचे हात बेसनात असतात, डोळे कढईवर असतात. फोन उघडून मेसेज बघायला त्याला तिसरा हात नाही. गिऱ्हाईक खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाईल ही भीती वेगळीच. डबा बोलतो आणि प्रश्न मिटतो. कुठल्याही कलादालनाने या डब्याला जागा दिली नसेल, पण या प्रकारातली एवढी कामाची वस्तू मला दुसरी दिसत नाही.

पण बोटाचा प्रश्न त्यालाही विचारू. डबा 'प्राप्त झाले' एवढंच म्हणतो. त्या प्रत्येक दहा-वीस रुपयांची नोंद दुसरीकडे साठते, तिच्यावरून दुकानदाराची पत ठरवली जाते, त्याला कर्ज देऊ केलं जातं. ते डबा बोलत नाही. त्याला एकच वाक्य शिकवलंय. जो भाग दुकानदाराच्या सोयीचा तो मोठ्याने, आणि जो कंपनीच्या सोयीचा तो मनातल्या मनात.

दुसरी वस्तू, यूट्यूबचं बटण. एक लाख सबस्क्रायबर झाले की चंदेरी, दहा लाखांना सोनेरी, एक कोटीला हिऱ्याचं. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी लावतात. ऑनलाइन आकड्याची घरात आलेली ही ट्रॉफी. वाईट काय त्यात? काहीच नाही, मेहनत असते त्यामागे. पण तिच्यात आकडा सोडून काही नाही. कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाने काय पाहिलं, का पाहिलं, त्यातलं काहीही त्या धातूत उतरत नाही. एक लाख माणसांची एक पाटी.

आणि तिसरी? तिसरीवर तुम्ही माझ्याआधीच हसणार आहात. फ्लेक्स. (हशा) बदलापूर स्टेशनबाहेर असो की आपल्या शिवाजी चौकात, वाढदिवसाचा फ्लेक्स हा आपल्याकडचा सगळ्यांत जास्त बघितला जाणारा डेटा-आलेख आहे, असं माझं ठाम मत आहे. मधलं डोकं मोठं. वरच्या कोपऱ्यांत त्याहून वरच्यांची डोकी. खाली शुभेच्छुकांच्या रांगा, त्यात डोक्याचा आकार आणि जागा पदाप्रमाणे. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, कोण अॅडमिनच्या जवळ आहे, कोण नुकता आलाय, ते सगळं त्या कापडावर मोजपट्टीने मांडलेलं असतं. फोटोही बहुतेक वेळा त्या ग्रुपमधूनच आलेले. अशी नेमकी किल्ली असलेला आलेख संशोधकांनाही सहज जमत नाही. डोकं एक इंचाने लहान झालं तर भांडण होतं. म्हणजे लोक तो बारकाईने वाचतात! फक्त तिथे बोट वर वळलेलं असतं, दादांकडे. खालच्या रांगेतल्या माणसाला आपण त्या कापडावर आहोत, एवढंच समाधान.

आता एक आक्षेप येणार, तो मीच घेतो. प्रत्येक वस्तूने आरोपच करायला हवा का? माणसाला स्वतःसाठी मोजायचं नसतं का? असतं. आणि त्यासाठी आपल्याकडे जी वस्तू आहे, तिच्याइतकी शहाणी वस्तू मला या साऱ्या यादीत दिसत नाही. जपमाळ. एकशे आठ मणी, आणि एक मेरुमणी. एक फेरा झाला की पुन्हा पहिल्यापासून. ती साठवत नाही. काल किती झालं, परवापेक्षा जास्त का कमी, हे माळ सांगत नाही. आणि तिच्यावर घालतात ती गोमुखी! कापडाची पिशवी, तिच्यात हात घालून जप करायचा, म्हणजे किती मणी झाले ते शेजारच्याला दिसू नये. मोजायचं, बोटांना कळेल असं मोजायचं, आणि दाखवायचं मात्र नाही. घड्याळातली वर्तुळं पूर्ण झाली म्हणून मित्रांना कळवणाऱ्या आजच्या जगाला गोमुखी कळणं अवघड आहे. श्रद्धा असो-नसो, ही कल्पना जपून ठेवावी अशी आहे.

म्हणजे खाजगी मोजणीला माझा विरोध नाही. मला खटकतं ते याच्या मधलं. मोजणी स्वतःची, लाज स्वतःची, आणि प्रदर्शन मात्र सगळ्यांसाठी.

निकोलस फेल्टन या अमेरिकन डिझायनरची कहाणी यासाठी लक्षात ठेवावी. २००५ ते २०१४ तो दरवर्षी स्वतःच्या आयुष्याचा वार्षिक अहवाल छापायचा. एखाद्या कंपनीचा असावा तसा, देखणा. कुठे गेलो, काय प्यायलो, किती गाणी ऐकली. लोक प्रेमात पडले. २०११ मध्ये फेसबुकने त्याला घेतलं आणि तिथे त्याने 'टाइमलाइन' घडवायला हातभार लावला. एका माणसाची हौस होती ती कोट्यवधी लोकांच्या पानाची रचना झाली. स्वतःची वही स्वतः लिहिणाऱ्या माणसाकडून, सगळ्यांची वही दुसऱ्याने लिहिण्याकडे. यात त्याचा दोष काढत नाही. पण वही कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न किती पटकन उलटतो, ते त्यातून दिसतं.

आणि हा प्रश्न हौसेचा नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत नगावर मजुरी घेणाऱ्याला विचारा. मालकाच्या वहीशिवाय आपली वेगळी मोजणी असावी लागते, नाहीतर आठवड्याच्या शेवटी बोलायला तोंड राहत नाही. आज तोच माणूस किंवा त्याचा मुलगा डिलिव्हरी करतो. त्याचं ऑनलाइन वागणं हेच त्याचं काम, आणि त्याची सगळी मोजणी अॅपकडे. अॅप पोचवलेल्या ऑर्डरी दाखवतं. हॉटेलबाहेर उन्हात थांबलेली मिनिटं, लिफ्ट बंद असलेले मजले, रिकामं परत आलेलं अंतर, याचा मणी कुठे ओवायचा? या विषयावर काही करू बघणाऱ्या मुलांना मी म्हणेन, स्क्रीनटाइमचे फुगे पुरे झाले. यातलं काही मोजा.

शेवटी पुन्हा पुठ्ठ्याकडे. बायकोच्या त्या वाक्यानंतर मी आणखी एक महिना मोजलं, पण रीत बदलली. बिनगुलाची काडी म्हणजे फोन काढला, ही पहिली खूण तशीच ठेवली. गुलाची काडी म्हणजे एक स्टेशन गेलं आणि हात खिशापर्यंत पोचला नाही. या काड्या मात्र घरी ठेवल्या, गाडीत फक्त स्टेशनं लक्षात ठेवली. आता पुठ्ठ्यावर सोमवारची ओळ सगळ्यांत लांब आहे, आणि ती टोकापर्यंत गुलांनी भरलेली आहे. पहिला महिना डावीकडे आणि दुसरा उजवीकडे लावलाय. मागे किल्ली लिहिली आहे, दोन ओळींची. माणूस तोच, फोन तोच, गाडी तीच.

दुसरा पुठ्ठाही पूर्ण खरा आहे असं मी म्हणत नाही. त्यात बायकांच्या डब्यातली एकही काडी नाही. ती ओळ तिने स्वतः लावायला हवी. तिने विचारलंय, "माझ्याकडे खिसाच नसतो, मग काय मोजू?" (हशा) हा प्रश्न माझ्या सबंध व्याख्यानापेक्षा चांगला आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पुठ्ठा इथेच टेबलावर आहे. हात लावून बघा, चालेल. फक्त उजव्या बाजूला गुलं आहेत, तेवढं जपून.